शंभरी भरली का गाठली?

ह्या महिन्याच्या टपालात म्हातारपणाचीच रांग लागलीय. कुणी ठरवून पाठवलं असं नाही, पण एकामागं एक वाचताना मलाच हसू आलं की वयाच्या शब्दांवरून कोल्हापुरात घरोघरी एवढी भांडणं चालू आहेत आणि आपल्याला पत्ता नाही. मी स्वतः एकाहत्तरावं लागलेला माणूस, त्यामुळं उत्तरं देताना कुठं हात सैल सुटला असेल तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मास्तर नमस्कार. आम्ही शिवाजी पेठेतली नातवंडं. आमच्या आज्जीला गेल्या महिन्यात शंभर वर्षं झाली म्हणून वर्गणी काढून चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावला, 'आमच्या लाडक्या आज्जींची शंभरी भरल्याबद्दल हार्दिक हार्दिक शुभेच्छा', खाली आम्हा सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. सकाळी थोरले चुलते गंगावेशीत दूध पिऊन येत होते, त्यांनी वाचलं आणि तिथंच शिडी मागवून फ्लेक्स उतरवला, वर आम्हाला अक्कल काढून शिव्या. आज्जी म्हणते काय झालं त्यात, मी शंभर पावसाळे बघितले की नाही. मग चूक कुणाची?

उत्तर : चुलत्यांचं बरोबर आहे बाळांनो. शुभेच्छा तुमच्या मनापासूनच्या, ह्यात वादच नाही, पण छापलंत असं की आज्जीची घटका जवळ आली. 'त्याची शंभरी भरली' म्हणजे त्याचं आता संपत आलं, पापाचा हिशेब पुरा झाला. ह्याच्या मागं शिशुपाल उभा आहे. श्रीकृष्णानं आत्याला शब्द दिलेला की तुझ्या पोराचे शंभर अपराध पोटात घालीन, आणि पुढं युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात त्या बाबाचं तोंड थांबेना, शंभर पुरे झाले आणि सुदर्शन चक्र सुटलं. म्हणून रंकाळ्यावर कुणी कुणाला 'तुझी शंभरी भरलीया' म्हणतो तेव्हा तो काय केक घेऊन आलेला नसतो.

गोम सगळी 'भरणे' ह्या क्रियापदात आहे. सुनेचे दिवस भरले म्हटलं की घरात डिंकाचे लाडू वळायला घेतात, आणि तेच वाकड्या तोंडानं 'त्याचे दिवस भरले' म्हटलं की ऐकणारा गप्प होतो. घडा भरतो तोही पापाचाच, पुण्याचा घडा भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तसं 'शंभर वर्षं भरली' एकवेळ चालून जाईल, अठरा भरली नाहीत अजून आणि बुलेट मागतोस, असं आपण म्हणतोच की. पण 'शंभरी' आणि 'भरली' हे दोघं शेजारी बसले की मधे शिशुपाल येऊन बसतोच, त्याला इलाज नाही. शंभरी गाठावी, पार करावी, ओलांडावी, काहीच नको तर 'वयाची शंभर वर्षं पूर्ण केली' असं सरळ लिहावं.

आणखी एक बघून घ्या, आज्जीला शंभर पुरी झालीत का शंभरावं लागलंय? कारण 'शंभरावं लागलं' म्हणजे नव्व्याण्णव पुरी झाली आणि शंभराव्यात पाय टाकला, आणि ह्या एका वर्षाच्या फरकावरून लग्नकार्यात म्हाताऱ्या बायकांची जी खडाजंगी होते ती मी डोळ्यांनी बघितलीय. (तू मोठी का मी मोठी हे भांडण सोळाव्या वर्षी नसतं एवढं नव्वदीत असतं.)

दुसरा फ्लेक्स करणार असाल तर 'जन्मशताब्दी' लिहू नका. अर्थानं चुकीचं नाही, जन्माला शंभर वर्षं झाली एवढंच ते सांगतं, पण आपल्याकडं तो शब्द बहुतेक गेलेल्या माणसांच्या नावापुढं लागतो, जसा वाढदिवस जित्याचा आणि जयंती गेलेल्याची. नुसती 'शताब्दी' संस्थेला शोभते, वाचनालयाला, बँकेला. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, त्याची शताब्दी कधीच होऊन गेली. माणसासाठी 'शतायुषी' हा चांगला भारदस्त शब्द आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ चे, १९६२ ला गेले, १०४ वर्षं, तेव्हा त्यांना शतायुषी म्हणायला कुणाची हरकत नाही. त्यांना भारतरत्न मिळालं १९५८ ला, म्हणजे शंभरीच्या उंबऱ्यावर. फक्त एक करा, आज्जीच्या पाया पडताना उलट तिलाच 'शतायुषी व्हा' म्हणू नका, शंभरी गाठलेल्या बाईला शंभर वर्षं जग म्हणणं म्हणजे आता बास असं सांगणं झालं.

आज्जीच्या पावसाळ्यांबद्दल मात्र तिच्या बाजूनं. वेदातली माणसं शंभर शरद जगू दे म्हणून मागणं मागायची, 'जीवेम शरदः शतम्', म्हणजे वय शरद ऋतूवर मोजायची. आपण मराठी माणसं पावसाळ्यावर मोजतो, चार पावसाळे जास्त बघितलेत म्हणतो, आणि गंमत अशी की 'वर्ष' ह्या शब्दाचा पहिला अर्थच पाऊस. वर्षा आणि वर्ष एकच. त्यात २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेल्या पंचगंगेकाठच्या बाईनं पावसाळे मोजले तर ते नुसतं आकडे सांगणं नव्हे. मी तर म्हणतो फ्लेक्सवर तिचंच वाक्य टाका, 'शंभर पावसाळे बघितलेली आमची आज्जी', तिचा फोटो मोठा आणि तुमचे गॉगल बारीक.

प्रश्न : सर, मी अकरावीला आहे. निबंधात 'पन्हाळ्याच्या वाटेवर एक जख्ख वाडा दिसला' असं लिहिलं तर मॅडमनी लाल गोल केला आणि अर्धा मार्क कापला. जख्ख म्हणजे खूप जुनं ना? मग वाडा का नाही?

उत्तर : मॅडमनी कापला ते बरोबर, अर्धा कापला ते जरा जास्त. जख्ख म्हणजे 'खूप जुनं' नव्हे, जख्ख म्हणजे म्हाताऱ्याला लावायचा 'खूप'. असे शब्द मराठीत ठरलेल्या घरीच नांदतात. काळंकुट्ट, पांढरंफटक, पिवळंधमक, हिरवंगार, लालभडक, नवंकोरं. आता 'हिरवंकुट्ट' का नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही, तसंच जख्ख हा म्हातारा आणि म्हातारी सोडून कुणाकडं राहायला जात नाही, फार तर जख्खड होऊन त्याच घरात फिरतो. वाडा जुनाट म्हण, पडका म्हण, जीर्ण म्हण. भांडीकुंडी जुनीपानी. कपडे जुनेपुराणे. देऊळ पुरातन किंवा प्राचीन, खिद्रापूरच्या कोपेश्वराला कुणी जुनाट म्हटलं तर मला राग येईल आणि गल्लीतल्या मोरीला कुणी प्राचीन म्हटलं तर हसू येईल. म्हणजे वय दोघांचंही झालेलंच असतं, पण प्राचीन ते जे बघायला तिकीट काढून जावं आणि जुनाट ते जे पाडायला निघालेलं असतं. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना सापडलेला काशाचा ग्रीक समुद्रदेव, पोसायडनचा पुतळा, सातवाहनांच्या काळातला, तो प्राचीन. त्याच्या वयाची एखादी खापरी तुझ्या परसात निघाली आणि आईनं फेकून दिली तर ती काय म्हणायची हे तूच ठरव.

आता मुळाकडं जातो, कारण पुढच्या प्रश्नाला हे लागणार आहे. संस्कृतात एक झिजण्याचा धातू आहे, त्याच्यापासून जरा म्हणजे म्हातारपण, जर्जर, जरठ, जीर्ण ही सगळी पिल्लावळ. आपला साधा 'जुना' सुद्धा त्यातलाच, प्राकृतात तो 'जुण्ण' होता. जुन्नर गावाचं नावही जीर्णनगरावरून आलं असं सांगतात. ग्रीक भाषेत म्हाताऱ्याला 'गेरॉन' म्हणतात तो ह्याचाच लांबचा चुलत भाऊ, आणि म्हातारपणाच्या आजारांचे डॉक्टर स्वतःला जेरियाट्रिकवाले म्हणतात ते त्या भावाकडून आलेलं. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की जीर्ण म्हणजे पचलेलं असाही अर्थ आहे. पांढरा-तांबडा रस्सा हाणून रात्री छातीवर बसतं ते अ-जीर्ण, न पचलेलं. म्हणजे म्हातारा माणूस जीर्ण झाला ह्याचा अर्थ काळानं त्याला बऱ्यापैकी पचवत आणलाय.

मात्र प्रत्येक जुनं वाईट असतं असं डोक्यात घेऊ नकोस. तांदूळ जुना हवा, चिंच जुनी हवी, आणि गूळ, आपल्याकडचा गूळ म्हटल्यावर ताजा पिवळाधमक ढेपेचाच डोळ्यासमोर येतो पण वैद्य औषधाला जुना गूळ मागतात, त्याला पुराणगूळ म्हणतात. 'पुराण' शब्दाची, वेदातल्या शब्दांची मुळं शोधणाऱ्या यास्कानं केलेली फोड तर पाठच करून टाक, 'पुरा नवं भवति', म्हणजे जे एके काळी नवं होतं ते पुराण. निबंधात घाल, अर्धा मार्क परत मिळेल.

प्रश्न : मी कसबा बावड्याची. आमच्या आत्ती (सासूबाई) स्वतःला दिवसातून दहा वेळा म्हातारी म्हणतात, 'म्या म्हातारीनं काय काय करायचं' वगैरे. परवा माझ्या तोंडून शेजारणीशी बोलताना 'आमच्या म्हातारीला चालवत नाही' एवढंच गेलं तर दोन दिवस अबोला. म्हातारी ही शिवी आहे का? आणि मिस्टर म्हणतात 'वयोवृद्ध' म्हण, तो तर मला पेपरातला शब्द वाटतो, शिवाय वृद्ध म्हणजेच वयानं मोठं, मग वयो कशाला पुन्हा?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात भारी आहे, तेव्हा जरा बैठक मारून सांगतो.

म्हातारा हा शब्द जन्माला आला तेव्हा डोक्यावर फेटा बांधून आला होता. संस्कृतात महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे त्याहून मोठा, आणि जुन्या ताम्रपटांत गावातल्या कारभारी, मानाच्या माणसांना महत्तर म्हटलेलं आहे. तो महत्तर लोकांच्या तोंडात घासून घासून म्हातारा झाला. म्हणजे आत्तींना तुम्ही मुळात 'आमच्या थोर बाईंना चालवत नाही' असं म्हणालात, पण हे त्यांना सांगायला जाऊ नका, तिसरा दिवस अबोल्यात जाईल.

वर त्या पोराला झिजण्याचं खानदान सांगितलं, हे दुसरं खानदान वाढण्याचं. वृद्ध म्हणजे मुळात वाढलेला. वाढ, वृद्धी, वाढदिवस आणि वृद्धाश्रम हे सगळे एकाच आईचे, आता ह्यातल्या एकाला आपण फुगे लावतो आणि दुसऱ्याचं नाव दबक्या आवाजात घेतो ही गोष्ट वेगळी. म्हणून 'वयोवृद्ध' मधला 'वयो' फालतू नाही, कशानं वाढलेला ते तो सांगतो. वयानं वाढलेला वयोवृद्ध, ज्ञानानं वाढलेला ज्ञानवृद्ध, तपानं वाढलेला तपोवृद्ध, आणि पंचविशीतला माणूससुद्धा ज्ञानवृद्ध असू शकतो. मिस्टरांचा शब्द बरोबर आहे, पण तुमचा कानही बरोबर आहे, तो पेपरातलाच शब्द. 'वयोवृद्ध आत्ती, चहा घेता का' असं कुठल्या घरात म्हणतात?

वडील हा शब्द घ्या. आज वडील म्हणजे बाप, पण मुळात वडील म्हणजे नुसता मोठा, वयानं थोरला, म्हणून वडील भाऊ म्हणता येतं, वडीलधारी माणसं म्हणता येतं. थोरला तर त्याहून मजेशीर, थोर म्हणजे मुळात अंगानं दांडगा, स्थूल शब्दाच्या घरातला, तिथून तो मोठ्या मनाचा झाला आणि 'ला' लागला की वयानं मोठा झाला. पण थोरलेपणाला वय लागतंच असं नाही. थोरले माधवराव पेशवे २७ व्या वर्षी गेले, त्यांच्या मागून सवाई माधवराव आले म्हणून हे थोरले. आपले शाहू महाराज १८७४ चे, १९२२ ला गेले, पन्नाशीसुद्धा नाही, थोर म्हणायला कुणाची परवानगी लागली? उलट ताराराणी १६७५ च्या, १७६१ ला गेल्या, ८६ वर्षं, पानिपताची बातमी ऐकूनच गेल्या, आणि कावळा नाक्यावरचा त्यांचा पुतळा बघा, घोड्यावर तलवार घेऊन. त्या ८६ पर्यंत जगल्या हे सांगितलं की लोक चमकतात, म्हातारी ताराराणी कुणाच्या डोळ्यासमोर येतच नाही.

मुसलमानी अमलात आलेला बुजुर्गही ह्याच वाटेचा, फारसीत बुजुर्ग म्हणजे मोठा. तोच गावांच्या नावात बुद्रुक होऊन बसलाय, वडगाव बुद्रुक म्हणजे थोरलं वडगाव आणि खुर्द म्हणजे धाकटं. आणि 'मुरब्बी' माणूस म्हणतो ना आपण राजकारणातला? लोकांना वाटतं तो मुरलेला, लोणच्यासारखा, म्हणून मुरब्बी. तसं नाही, अरबीत मुरब्बी म्हणजे पालनपोषण करणारा, आश्रयदाता. पण गंमत बघा, मुरांबा ज्याच्यावरून आला तो मुरब्बा शब्द पण त्याच अरबी धातूचा, म्हणजे लोकांचं चुकलं तरी बरणीच्या आसपासच चुकलं.

मग एवढे मानाचे शब्द घसरतात कसे? वापरून. थेरडा बघा, आज ह्याच्याइतका वाईट शब्द नाही, एस्टीत सीटवरून भांडण झालं की पहिला हाच निघतो. आणि मूळ काय, तर स्थविर, म्हणजे स्थिर झालेला, ज्येष्ठ. पालीत त्याचं थेर झालं, बौद्ध संघातले वडीलधारे भिक्खू ते थेर, भिक्खुणी थेरी, थेरवाद म्हणतात तो त्यांचाच पंथ. जैन मुनींतही स्थविर हा मानाचाच शब्द. त्या थेराला मराठीनं मागं एक 'डा' लावला आणि संपलं. धम्मपदात तर ह्यावर गाथाच आहे, नुसतं डोकं पिकलं म्हणून कुणी थेर होत नाही, वय पिकलं असेल पण तो 'मोघजिण्ण', म्हणजे फुकट म्हातारा झालेला. आपण हेच उलटं करून सांगतो, माझे केस काय उन्हात पांढरे झाले नाहीत.

आता तुमच्या अबोल्याकडं येतो. शब्दात काही नाही ताई, प्रत्ययात आणि मालकीत आहे. आपल्याकडं 'म्हातारं' असं नपुंसकलिंगी करून टाकलं की त्यात माया येते, पोरगं म्हणतो तसं. 'आमचं म्हातारं लई गोड हाय' हे नातवानं म्हटलं तर आज्जा खूश. तेच दुसऱ्या कुणी 'तुमचं म्हातारं' म्हटलं की बाह्या मागं सरल्याच समजा. म्हातारबाबा, म्हातारआई हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही चालतं, 'ए म्हाताऱ्या' हे घरच्यालासुद्धा चालत नाही. आणि आपण स्वतःला जे म्हणतो ते म्हणायचा हक्क दुसऱ्याला देत नाही, मी मला टकल्या म्हणतो म्हणून तुम्ही म्हणून बघा. आत्ती दहा वेळा म्हातारी म्हणतात तेव्हा त्यांना समोरून 'छे हो, कुठं म्हाताऱ्या झालाय' एवढंच ऐकायचं असतं. शेजारणीपुढं 'आत्तींचे गुडघे धरलेत' म्हणा. गुडघा म्हातारा झालेला चालतो, माणूस नाही.

(तालमीतली एक युक्ती मला आवडते. जुना पैलवान कितीही जख्ख झाला तरी गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत त्याला कुणी म्हातारा म्हणत नाही, वस्ताद म्हणतात. त्या शब्दात वय औषधालाही नाही.)

प्रश्न : वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आहे. धाकटा भाऊ म्हणतो ८० पूर्ण झाली की करायचं, गुरुजी म्हणतात ८१ वं चालू असताना, आणि हॉलवाला म्हणतो तारीख सांगा नाहीतर लग्नाला देतो. हजार चंद्र नक्की कधी होतात?

उत्तर : हिशेब सोपा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांच्या किंचित वर, २९.५३. हजार वेळा म्हणजे २९,५३० दिवस. ८० वर्षांचे दिवस होतात २९,२२०. राहिले ३१०, म्हणजे दहा महिने. जन्म पौर्णिमेच्या आधी किती दिवस झाला त्याप्रमाणं ह्यात थोडं कमी होतं, तेव्हा हजारावी पौर्णिमा ८० वर्षं आणि नऊ-दहा महिन्यांच्या दरम्यान येते. बारा गुणिले ऐंशी केलं तर ९६० च भरतात, पण अधिक महिने विसरून कसं चालेल, १९ वर्षांत सात येतात, ८० वर्षांत एकोणतीस-तीस. ते धरून ८० व्या वाढदिवसाला ९८९ च्या आसपास पोचतो आपण. तर गुरुजी बरोबर आहेत. भाऊ चुकला असं मी म्हणणार नाही, बरीच घरं ८० पूर्ण झाल्यावर सोयीनं उरकतात आणि चंद्राची काही तक्रार आलेली नाही.

'दर्शन' शब्दावर अडून बसू नका. आषाढ-श्रावणात कोल्हापुरात पौर्णिमेचा चंद्र कुणाला दिसतो? तेवढे वजा केले तर नव्वदी उजाडेल. आणि वयाच्या टप्प्यांवर करतात त्या शांतींची नावं गुरुजींकडून एकदा ऐकून घ्या, नावं फार झकास आहेत, साठीला उग्ररथ, सत्तरीला भीमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री. ह्यातली भीमरथी जुन्या संस्कृत श्लोकात ७७ व्या वर्षाच्या सातव्या महिन्यातली सातवी रात्र आहे, माणसाला ओलांडायला अवघड अशी रात्र, पुढं सोयीनं सत्तरीला आली. 'साठी बुद्धी नाठी' मधली नाठी म्हणजे नष्ट, ती साठीच्याच शांतीत उग्ररथावर बसून जात असावी.

प्रश्न : पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आधी चि. लिहितात. चिरंजीव तर हनुमान आणि अश्वत्थामा, हजारो वर्षांचे. मग २६ वर्षांच्या पोराला का?

उत्तर : कारण तो आशीर्वाद आहे, माहिती नव्हे. चिर म्हणजे दीर्घ काळ, तो जगो, एवढंच. सात चिरंजीव म्हणजे अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम, आणि श्लोकात पुढं आठवा मार्कंडेय, ज्याचं आयुष्य सोळाच वर्षांचं लिहिलेलं होतं. आशीर्वाद देणारा मोठा, घेणारा धाकटा, म्हणून मराठीत चिरंजीवचा अर्थच मुलगा झाला, 'आमचे चिरंजीव काय करतात विचारू नका'. पत्रिकेत आजोबांच्या नावाआधी चि. छापलेलं मी एकदा बघितलंय, प्रेसवाल्याचा हात सरावानं गेला असणार. आजोबा म्हणाले राहू दे, कै. पेक्षा बरं.

प्रश्न : मास्तर, एकसष्टी झाली. सगळीकडं 'ज्येष्ठ नागरिक' असं लिहून येतं, मला ते ऐकलं की गुडघे दुखायला लागतात. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : शब्द वाईट नाही हो. पाणिनीनं ज्येष्ठ ह्या शब्दाला सूत्रं खर्च केलीत, त्याच्या हिशेबानं ज्येष्ठ म्हणजे सगळ्यात वृद्ध तसाच सगळ्यात प्रशंसनीय, दोन्ही. कायद्यानं ६० ला तुम्ही ज्येष्ठ झालात, पण इन्कमटॅक्सवाले ८० ला 'अति ज्येष्ठ' करतात ते वाचलं की मलाच अति झाल्यासारखं वाटतं. आणि एस्टीत अजून तुमचा नंबर नाही, अर्धं तिकीट ६५ ला, ७५ झाली की ऑगस्ट २०२२ पासून फुकट, त्याला नाव दिलंय अमृत ज्येष्ठ नागरिक. महत्तर झिजला, थेर झिजला, ज्येष्ठही झिजायला लागलाय हे तुमच्या गुडघ्यांवरून दिसतंच आहे, म्हणून सरकारनं पुढं अमृत लावलं असणार.

दुसरा शब्द मागताय तर आपल्याकडं 'जाणता माणूस' आहे. सिनेमावाले भालजी पेंढारकर नव्वदी पार करून गेले, कोल्हापूर त्यांना बाबा म्हणायचं, तोही चांगला शब्द आहे पण तो मागून मिळत नाही. तुमच्यापुरतं एकसष्टीला 'काका' बास. माझं काय झालं सांगतो, परवा सीबीएस स्टँडवरून रंकाळ्याला जायला बस धरली, कॉलेजची पोरगी उठली आणि म्हणाली 'आजोबा बसा'. मी म्हटलं नको बाळ, उतरायचंच आहे, आणि पुढच्या स्टॉपला उतरून दीड किलोमीटर चालत गेलो.